सहावं लागायच्या आधी

दोन छोटे बूट आणि त्यांना जोडणारी एक आडवी दांडी. जन्मतःच पाऊल आत वळलेल्या, म्हणजे क्लबफूट असलेल्या बाळाच्या उपचारातली ही शेवटची आणि सगळ्यांत लांबलचक पायरी. आधी दर आठवड्याला एक असं पाच-सहा वेळा प्लास्टर. मग बहुतेक बाळांच्या टाचेमागच्या कंडरेला एक बारीकसा छेद, तीन आठवड्यांचं अखेरचं प्लास्टर आणि मग हे बूट. पहिले तीन महिने ते दिवसरात्र घालायचे, अंघोळीपुरते काढायचे. त्यानंतर मूल चार वर्षांचं होईपर्यंत, कधी त्याहूनही पुढे, रात्री आणि दुपारच्या झोपेत. इग्नासिओ पॉन्सेटी या डॉक्टरांनी अमेरिकेत बसवलेली ही पद्धत आता जगभर वापरली जाते. मोठी शस्त्रक्रिया न करता पाय सरळ होतो, पण बूट सुटले तर पाऊल पुन्हा वळू लागतं.

आणि ते सुटतातच. पाय दिसायला सरळ झाला की घरच्यांना वाटतं, झालं की आता, कशाला लेकराला छळायचं? त्यात रोवणीचे दिवस आले, आई पहाटेपासून बांधीत चिखलात उतरली, की बूट कोपऱ्यात पडतात. अशा वेळी गावात एकच बाई अशी असते की जी त्या मुलाला रोज पाहते, त्याच्या वयाच्या इतर मुलांशेजारी पाहते आणि जिने विचारलेलं आईला खटकत नाही: रात्री बूट घातले होते का?

ती बाई म्हणजे अंगणवाडीची दीदी. सरकारी कागदावर मध्य प्रदेशात ती ‘कार्यकर्ता’, हद्दीपलीकडे गोंदियात ‘सेविका’. ज्या मुलाला थोडी जास्त मदत लागते, त्याला इतर मुलांमध्ये सामावून घेण्यासाठी सरकार काय करतं, या प्रश्नाचं उत्तर परसवाड्यासारख्या ठिकाणी तिच्याच खोलीच्या दारातून सुरू होतं.

परसवाडा हा बालाघाट जिल्ह्यातला एक तालुका. वैनगंगेच्या सखल धानपट्ट्यातून घाट चढून वर आलं की हे पठार लागतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत हा मुलूख बहुतांशी जंगलच होता. पठारावरची पहिली गावं लछमन नाईक नावाच्या माणसाने वसवली, असं जुन्या गॅझेटियरमध्ये नोंदलेलं आहे. आज इथे गोंड आहेत, पोवार आहेत, जंगलाच्या कडेच्या टोल्यांवर, म्हणजे पाड्यांवर, बैगा आहेत. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना होईपर्यंत बालाघाटची राजधानी नागपूर होती, आणि दुखणंखुपणं मोठं असलं की अजूनही गोंदिया आणि नागपूरच आठवतात. मोहफुलं, तेंदूपत्ता, रोवणी, कापणी या चक्रात इथल्या आया वर्षातले कित्येक महिने घराबाहेर असतात. शहरातल्यासारखं खासगी पाळणाघर इथल्या टोल्यावर कुठून असणार! मूल सांभाळण्याची, त्याला खाऊ घालण्याची आणि शिकवण्याची सार्वजनिक जागा एकच: अंगणवाडी. सपाट भागात साधारण ४०० ते ८०० वस्तीला एक आणि आदिवासी, डोंगराळ भागात ३०० वस्तीपासून पुढे एक, असा तिचा निकष आहे.

ही अंगणवाडी मुळात आली कुठून, ते आठवायला हवं. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांना सोबत घेऊन तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, असं त्यांनी ठरवलं. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मूल शाळेला जुळत नसेल तर शाळेने मुलाला जुळवून घ्यायचं, हे या बायकांनी करून दाखवलं. आज ‘समावेशन’ म्हणतात ते याहून फार वेगळं नाही.

२ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने एकात्मिक बाल विकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. महाराष्ट्रात सुरुवातीला निवडलेल्या ठिकाणांत मेळघाटातलं धारणी होतं आणि मुंबईतली धारावी. योजना सहा वर्षांखालच्या सगळ्या मुलांसाठी होती. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, शालापूर्व शिक्षण आणि आयांना आरोग्य-पोषणाचं शिक्षण अशा तिच्या सहा सेवा.

‘सगळ्या’ या शब्दात दिव्यांग मुलं खरोखर येत होती का? हा प्रश्न नेटाने विचारला मिठू अलूर यांनी. त्यांच्या मुलीला, मालिनी चिब यांना, सेरेब्रल पाल्सी आहे. १९७२ मध्ये अलूर यांनी मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया उभी केली. पंचवीसेक वर्षांनी लंडन विद्यापीठात डॉक्टरेट करताना त्यांनी हीच बाल विकास योजना तपासायला घेतली. प्रबंधाच्या नावातच त्यांनी या मुलांना ‘अदृश्य’ म्हटलं. कागदावर त्यांना कुणी वगळलेलं नव्हतं, पण प्रत्यक्षात ती अंगणवाडीत नव्हती. कार्यकर्तीला त्यांच्याबद्दल काही शिकवलेलं नव्हतं, तिच्या कामाच्या मोजमापात ती येत नव्हती आणि घरच्यांना कुणी बोलवायला जात नव्हतं. नियमात बंदी नसतानाही मूल बाहेर राहू शकतं, हे त्यातून समोर आलं. नंतर त्यांच्या संस्थेने धारावीसारख्या वस्त्यांतल्या बालवाड्या-अंगणवाड्यांत दिव्यांग मुलांना इतरांबरोबर बसवण्याचे प्रयोग केले. जिथे योजनेची महाराष्ट्रातली सुरुवात झाली, तिथेच तिची राहिलेली बाजू भरून काढण्याचा तो प्रयत्न होता.

अशी मुलं थोडीथोडकी नाहीत. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतची २० लाख ४२ हजार दिव्यांग मुलं नोंदली गेली, म्हणजे त्या वयाच्या शंभर मुलांत सव्वा. दोन वर्षांचं मूल बोलत नाही म्हटलं तर ‘याचा बापही उशिराच बोलला’ असं उत्तर मिळतं, आणि जनगणनेच्या कागदावर ते मूल धडधाकट ठरतं. खरा आकडा मोठाच असणार.

आता कायद्याकडे पाहू, कारण अडचणीचं मूळ तिथे आहे. राज्यघटनेच्या कलम २१-क ने शिक्षण हा मूलभूत हक्क केला, पण ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी. सहाच्या आतल्या मुलांसाठी कलम ४५ आहे, आणि त्यात राज्य ‘प्रयत्न करील’ एवढंच म्हटलं आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये आला, १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, नव्यात २१ झाले. पण मोफत शिक्षणाचा हक्क त्यातही ६ ते १८ वर्षांसाठीच आहे. मध्य प्रदेशात बहुविकलांग आणि बौद्धिक दिव्यांग व्यक्तींना मिळणारी मासिक मदतही सहा वर्षांवरच्यांनाच. फिरते विशेष शिक्षक समग्र शिक्षा योजनेतून शाळांसाठी नेमले जातात. अंगणवाडी महिला व बाल विकास विभागाकडे, शाळा शिक्षण विभागाकडे, आणि दोघांच्या मधली रेघ मुलाच्या सहाव्या वाढदिवसाच्या आसपास पडते.

मेंदू मात्र या रेघेची वाट पाहत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातच नमूद आहे की मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आधी होते. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाच्या मेंदूला पहिल्या काही वर्षांत आवाज पोहोचला नाही तर पुढे यंत्र बसवूनही बोली उमलायला फार कष्ट पडतात. म्हणूनच दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत या यंत्राची, म्हणजे कॉक्लिअर इम्प्लांटची, मदत अशा पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मिळते, आणि मध्य प्रदेशाने यासाठी मुख्यमंत्री बाल श्रवण योजना काढली. इथे हिशेब उलटा आहे. बाकीची मदत सहाव्या वर्षापासून मोठी होते, ही तोवर हातची गेलेली असते.

मग सहाच्या आत सरकारचं काय आहे? आहे, आणि ते पालकांना ठाऊक असायला हवं.

सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. तो फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला तो पालघरमधून, म्हणजे बोर्डी आणि कोसबाडच्याच मुलुखातून. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि त्यातून निघालेल्या आजारांवर मोफत उपचार, गरज पडली तर शस्त्रक्रियासुद्धा, असा तो आहे. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि वाढीतला उशीर अशा चार गोष्टी त्यात पाहतात. वाकडं पाऊल, फाटलेला ओठ किंवा टाळू, जन्मजात मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयातला दोष, डाउन सिंड्रोम ही सगळी यादीत आहेत. प्रत्येक विकासखंडात फिरती पथकं असतात: दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका, एक औषधनिर्माता. शाळेत त्यांनी वर्षातून एकदा यायचं आणि अंगणवाडीत दोनदा. संशय आलेल्या मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचं. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, कान आणि वाचेचे तज्ज्ञ, मानसतज्ज्ञ, विशेष शिक्षक अशी माणसं एका छताखाली असावीत, अशी या केंद्राची रचना आहे.

वर्षातून दोनदा येणारं पथक मुलाला किती वेळ पाहणार? मूल नेमकं त्या दिवशी मामाच्या गावी असेल, आजारी असेल, नव्या माणसांना पाहून रडत असेल. उरलेल्या सगळ्या दिवसांची तपासणी दीदीच्या नजरेवर आहे, आणि ती नजर घडवता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासानुसार बहुतेक सगळी मुलं सव्वानऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसतात आणि दीड वर्षापर्यंत एकटी चालतात. आईजवळच्या माता-बाल संरक्षण कार्डावरही असे टप्पे चित्रांसह छापलेले असतात. कार्यकर्ती मुलाच्या पाठीमागून खुळखुळा वाजवते आणि ते मान वळवतं का पाहते. चेंडू घरंगळवते आणि त्याची नजर चेंडूमागे जाते का पाहते. नाव घेऊन हाक मारते. चार मुलं मोबाइलमधलं गाणं ऐकून नाचत असतील आणि पाचवं त्यांना पाहून एक ठेका मागून नाचत असेल, तर ते गाणं ऐकत नाही, मुलांना बघतंय, हे रोज बघणारीलाच कळतं.

परसवाड्यासाठी आणखी एक आजार महत्त्वाचा आहे, जो डोळ्यांना दिसतच नाही. सिकलसेल. मध्य भारतातल्या आदिवासी पट्ट्यात तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. लहान बाळात त्याची पहिली खूण बऱ्याचदा हातापायांची सूज असते. घरच्यांना वाटतं, काहीतरी चावलं, नाहीतर नजर लागली. २०१६ च्या कायद्याने सिकलसेल हा दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत घेतला. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्याच शहडोलमधून त्याच्या निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. अशा मुलाला अंगणवाडीत वेगळी खुर्ची नको, वेगळा वर्ग नको. त्याला घोटघोट पाणी पाजत राहायला हवं, थंडीत उघडं ठेवायचं नाही, उन्हात दमेपर्यंत पळवायचं नाही आणि ताप आला तर ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही. हे चार नियम दीदीला ठाऊक असले की ते मूल इतरांसारखंच खेळतं.

२८ नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय महिला व बाल विकास मंत्रालयाने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉल जाहीर केला. योजना सुरू झाल्याला तोवर ४८ वर्षं झाली होती. प्रोटोकॉलमध्ये तीन पायऱ्या आहेत. पहिली, दिव्यांगत्वाच्या सुरुवातीच्या खुणा ओळखणं. दुसरी, मुलाला अंगणवाडीत आणि गावातल्या कार्यक्रमांत सामावून घेणं आणि कुटुंबाला बळ देणं. तिसरी, आशा, एएनएम आणि बाल स्वास्थ्य पथकामार्फत पुढच्या उपचारांना पाठवणं. त्यापाठोपाठ ‘पोषण भी, पढ़ाई भी’ या प्रशिक्षणासाठी तीन वर्षांखालच्यांचा ‘नवचेतना’ आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा ‘आधारशिला’ असे दोन आराखडे आले. त्यांत दिव्यांग मुलांसाठी खेळ आणि कृती कशा बदलायच्या याचा विचार आहे.

दुसरी पायरी वाचायला सोपी वाटते, करायला तीच अवघड. मध्य प्रदेशात अंगणवाड्यांमध्ये मंगळवार ‘मंगल दिवस’ म्हणून साजरा होतो: गोदभराई, उष्टावण, मुलांचे वाढदिवस. जे मूल अजून मान धरत नाही, त्याचं उष्टावण इतर बाळांसोबत गावासमोर झालं, तर त्या आईला किती धीर येईल! अनेक घरांत अशी मुलं आतल्या खोलीत राहतात. लाज हे एक कारण असतं, पण बऱ्याचदा कारण साधं असतं: त्याला तिथे सांभाळेल कोण, ही काळजी.

या काळजीला उत्तर म्हणून लागणाऱ्या वस्तू फार महाग नसतात. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला भिंतीच्या कोपऱ्यात, दोन्ही बाजूंनी घट्ट गुंडाळलेल्या गोधड्यांचा आधार देऊन बसवलं की त्याचे हात मोकळे होतात आणि ते खेळणं धरू शकतं. गिळायला त्रास होणाऱ्या मुलाला आडवं पाजायचं नाही. बसवून, मान किंचित पुढे ठेवून, दाटसर खिचडी छोट्या चमच्याने, मागचा घास गिळल्यावरच पुढचा. कमी ऐकणाऱ्या मुलाला दीदीच्या समोर बसवायचं आणि गाणं हातवाऱ्यांसह म्हणायचं. कमी दिसणाऱ्याला चित्राऐवजी खरी वस्तू हातात द्यायची: मक्याचं कणीस, मोहाचं फूल, बैलाच्या गळ्यातली घंटा. गलबला सहन न होणाऱ्या मुलासाठी पडद्याआडचा एक शांत कोपरा. यातलं पुष्कळसं बाकीच्या मुलांनाही आवडतं.

पण खिचडी अशी भरवायला अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासात उरलेल्या वीस-पंचवीस मुलांकडे कोण बघणार? सरकारी मदतीतली खरी उणीव इथे आहे. अंगणवाडीत एक कार्यकर्ती आणि एक सहायिका. स्वयंपाक, वजनं, गृहभेटी, गरोदर बायकांच्या नोंदी आणि पोषण ट्रॅकर ॲपमध्ये माहिती भरणं हे सारं त्या दोघींवर. केंद्राने ऑक्टोबर २०१८ पासून ठरवलेलं मानधन कार्यकर्तीला ४,५०० आणि सहायिकेला २,२५० रुपये. राज्य त्यात भर घालतं, पण दिव्यांग मूल पटावर आलं म्हणून त्या खोलीत तिसरी बाई येत नाही.

ऑस्ट्रेलियात नेमकी ही तिसरी व्यक्ती सरकारी खर्चाने येते. तिथल्या केंद्र सरकारने जुलै २०१६ मध्ये सुरू केलेल्या कार्यक्रमात, जास्त मदत लागणारं मूल पाळणाघरात आलं की त्या गटासाठी एक जादा शिक्षिका ठेवायला अनुदान मिळतं. ही शिक्षिका त्या एका मुलाला चिकटून बसणारी आया नसते. ती पूर्ण गटात हात लावते, म्हणजे कुणा एकाला वेळ देणं सगळ्यांना जमतं. खास खुर्च्या, उभं राहण्याचे साचे अशा महाग वस्तू विकत न घेता उसन्या आणायचीही सोय आहे. अमेरिकेत गरीब घरांतल्या मुलांसाठी १९६५ मध्ये निघालेल्या हेड स्टार्ट योजनेत १९७२ पासून दहा टक्के जागा दिव्यांग मुलांसाठी ठेवण्याचं बंधन आहे. या दोन्ही देशांचा पैसा भारतापाशी नाही, हे खरं. पण रोवणीच्या दोन महिन्यांपुरती एक जादा मदतनीस, किंवा शाळेत फिरणाऱ्या विशेष शिक्षकाची महिन्यातून एक फेरी अंगणवाडीत, एवढं मागणं पैशापेक्षा दोन विभागांनी एकमेकांशी बोलण्याचं आहे.

आज परसवाड्यातल्या आईबापांना काय मागता येईल? बाल स्वास्थ्य पथक आपल्या अंगणवाडीत कधी येणार, हे विचारता येईल आणि त्या दिवशी मुलाला घरी न ठेवता हजर करता येईल. २०१६ च्या कायद्याच्या कलम २५ मध्ये सर्व मुलांची वर्षातून किमान एकदा तपासणी व्हावी, असं म्हटलंच आहे. पथकाने पुढे पाठवायला सांगितलं तर तो कागद जपून ठेवायचा, बालाघाटला जायचं आणि पुढची तारीख दीदीलाही सांगून ठेवायची. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांग ओळखपत्र, लहान मुलांनाही काढता येतं आणि ते देशभर चालतं, त्यामुळे पुढे कामासाठी कुटुंब गोंदिया-नागपूरला गेलं तरी मुलाची ओळख नव्याने सिद्ध करावी लागत नाही. आणि अंगणवाडीत नाव घालायला असं कोणतंही प्रमाणपत्र लागत नाही. चालता येत नसलेल्या, बोलता येत नसलेल्या, लंगोट वापरणाऱ्या मुलाचंही नाव पटावर येतं आणि त्याच्या वाटणीचा आहार त्याचाच असतो.

जंगलाच्या कडेचे बैगा टोले यातही सगळ्यांत दूर पडतात. त्यांच्यासाठी १५ नोव्हेंबर २०२३ ला पीएम-जनमन अभियान सुरू झालं. बैगांसारख्या अतिदुर्बल आदिवासी गटांच्या वस्त्यांसाठी देशात २,५०० अंगणवाड्या बांधण्याचं उद्दिष्ट त्यात ठेवलं. त्यानंतर तेराव्या दिवशी दिव्यांग मुलांचा अंगणवाडी प्रोटोकॉल आला. त्या महिन्यात पठारावरच्या एखाद्या टोल्यात ऐकू न येणारं बाळ जन्मलं असेल, तर एडिपमधून इम्प्लांटची मदत मिळण्याचं त्याचं वय नोव्हेंबर २०२८ मध्ये संपेल. नोव्हेंबर २०२९ मध्ये त्याला सहा वर्षं पूर्ण होतील आणि कायद्याने दिलेला मोफत शिक्षणाचा हक्क त्याला लागू होईल. तोवरची त्याची शाळा म्हणजे दीदीची ती एक खोली.